गरम मूस

तीन वर्षं ती बाटल्या घासत होती. त्याआधी प्रयोगशाळेत सगळे तिला तराजूबाई म्हणायचे. तिच्या वजनात मिलिग्रॅमची चूक सापडायची नाही. मग एकदा साहेबांनी घाईघाईत भट्टीतली तापलेली मूस, म्हणजे धातू तापवायची वाटी, थेट तराजूवर ठेवली, वजन कमी भरलं आणि खापर फुटलं हिच्या डोक्यावर. "बाईंचे हात थरथरतात!" झालं, तराजूबाईची बाटलीबाई झाली.

चूक तिला तेव्हाच कळली होती. तापलेल्या मुशीभोवतीची हवा वर चढते आणि मुशीला जराशी उचलून धरते. मूस गार होईपर्यंत वजन खोटंच. सांगितलं असतं तर साहेब सुधारले असते. म्हणूनच मेलीनं सांगितलं नाही.

आज साहेबांचे गुरुजी, म्हातारे प्राध्यापक, मुद्दाम आले होते. समोर विद्यार्थी दाटीवाटीनं उभे. चार ग्रॅम तांबं पुरतं तापवलं की हवेतला एक ग्रॅम ऑक्सिजन घेतं आणि काळी भुकटी पाच ग्रॅमच भरते, कधीही करा, हे साहेब दाखवणार होते. मूस गार करायचं झाकणाचं भांडं तिनं लख्ख पुसून त्यांच्या कोपराशी ठेवलं. उगाच कुणी बोल लावायला नको.

"साहेब, प्राध्यापकांना परत न्यायला गाडी आली हं," ती दारातून गोड आवाजात म्हणाली.

साहेबांनी घाईघाईत चिमट्यानं मूस उचलली ती सरळ तराजूवर. तीस मिलिग्रॅम कमी!

"अरेच्चा, नियम मोडला की काय?" प्राध्यापक म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली.

साहेब सवयीनं गर्रकन वळले. "बाई, तुम्ही हात लावलात?"

"मी? तराजूला हात लावायची मला बंदी आहे, साहेब. तुम्हीच घातलीत." काय गार वाटलं तिच्या जिवाला! "मूस त्या भांड्यात ठेवा. अर्धा तास थांबा."

"गाडी थांबेल," म्हणत प्राध्यापक स्टुलावर बसले. अर्ध्या तासानं त्यांनी स्वतः वजन केलं. भुकटी बरोब्बर पाच ग्रॅम.

"या बाईंना तराजूवरून का काढलं होतं?"

साहेबांनी उगाच चिमटा हातात घेतला.

"हात थरथरतात म्हणून," तीच म्हणाली.

सगळ्यांनी साहेबांच्या हाताकडे पाहिलं. चिमटा खडखड वाजत होता. तिनं तो हळूच काढून घेतला आणि त्यांच्या हातात ओला ब्रश दिला.

"बाटल्या सिंकमध्ये आहेत."