गडी माझे, चाकरी त्याची

सांगायची मला मुळीच हौस नाही. पण काचेवर पसरलंय, सुकवलंय, अंगाला रंग फासून भिंगाखाली धरलंय. म्हणजे बोल म्हणूनच ना? तर मी एक म्हातारा तांबडा रक्तकण बोलतोय, अपोंडी नावाच्या बाईच्या अंगातला. शिक्षण विचारू नका. हाडाच्या पोकळीतून बाहेर पडतानाच आमच्यातला गाभा काढून टाकतात. पुढे जन्मभर हमाली. छातीतून हवा उचलायची, अंगभर पोचवायची.

घर मात्र माझं टापटीप. बाहेर रक्तात कॅल्शियम मायंदाळ. ते आत साठलं की मी आखडून मेलोच. म्हणून भिंतीत गडी बसवलेले. झिरपलं की उचलायचं, बाहेर फेकायचं. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

अपोंडी सरोवरकाठी ओमेना वाळवते, बोटाएवढी चंदेरी मासळी. नुसत्या वाळूवर टाकली तर कचकच लागते, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. म्हणून तिच्या नवऱ्याने, ओल्वेनीने, दवाखान्यातून मिळालेली मच्छरदाणी खाटेवरून सोडली आणि मासळीखाली अंथरली.

"अहो, मग मी कशात झोपू?"

"तुला काय डास उचलून नेणारेत? मासळी खपली तर मक्याची उगाली शिजेल."

डासाने तिला नेलं नाही. मलेरियाचा जंतू तेवढा ठेवून गेला.

तो आधी यकृतात लपला, तिथे त्याची पिलावळ झाली, आणि त्यातला एक माझ्या दाराशी आला. दार फोडलं नाही हो त्याने. माझीच भिंत आत रेटत आला आणि तिचीच पिशवी करून आत बसला. भिंत उलटली तसे तिच्यातले गडीही उलटे झाले. बिचारे बाहेर म्हणून फेकत होते, पण ते पडत होतं त्याच्या पिशवीत. त्याला तर वाढायला कॅल्शियम हवंच! घर माझं, गडी माझे, आणि पंगत त्याची. असा जळफळाट झाला माझा! माझ्यासाठी राबले ते कर्तव्य म्हणून. त्याला वाढताना मात्र मला वाटे, मेले लाडाने वाढतायत.

अपोंडी तापाने थडथड उडायला लागली. मग बरळायला लागली. तेव्हा कुठे ओल्वेनीने तिला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात आणलं. तिथल्या रक्त तपासणाऱ्या अचोलाबाईंनी तिच्या बोटाला सुई टोचली, आणि मी त्याला पोटात घेऊन या काचेवर आलो. जंतू दिसला तर औषध, नाहीतर दुसरं काही शोधत बसायचं. तेवढा वेळ अपोंडीकडे नव्हता.

"सापडला!" अचोलाबाई ओरडल्या. "अगदी अंगठीसारखा. काय देखणा आहे मेला!"

देखणा! आणि त्याच्याभोवती मी एवढा पसरलोय, तो कोण?

ओल्वेनीने भिंगाला डोळा लावला. "ही अंगठी? माझ्या बायकोच्या रक्तात?"

"बरा दागिना केलास बायकोला! मच्छरदाणी कुठाय तुझी?"

बाईंनी धावत जाऊन अपोंडीला औषध टोचलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खाटेवरून अपोंडीने पेज मागितलेली ऐकली, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

"चुकलं माझं, पोरांच्या आई."

"आधी ती मच्छरदाणी धुऊन आणा. मासळीच्या वासात झोपायची नाही मी."

त्याने तिची माफी मागितली, बाईंचीही मागितली. मी इथे त्या देखण्याला पोटात घेऊन कायमचा वाळलोय. शिकाऊ पोरी येतात त्याही त्यालाच बघतात. त्यांचं सोडा, त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. माझी माफी मागायचा राहिलाय एकच माणूस: ओल्वेनी.