श्वासाकडे लक्ष द्या

लितिया फिजीहून ऑस्ट्रेलियात, टाउन्सव्हिलला नर्सिंग शिकायला आली होती. दुसऱ्या वर्षी इस्पितळातल्या प्रशिक्षणात तिला हॅरिस नावाच्या एका म्हाताऱ्यापाशी बसवलं. वॉर्डात कामाला माणसं कमी होती. श्वास मोजत बस, आलेच मी, असं सांगून नर्स गेली आणि दुसऱ्याच कुणाच्या धावपळीत अडकली. म्हाताऱ्यानं एक श्वास सोडला, पुढचा घेतलाच नाही. नर्स परतली तेव्हाही लितिया पुढचा श्वास येईल म्हणून त्याच्या छातीकडं बघत होती.

तो जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुझं काही चुकलं नाही, असं सगळ्यांनीच तिला सांगितलं. पण तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. घरून, लेवुकाहून आईचा फोन आला की ती नुसती हं हं करायची.

कॉलेजनं मुलींची मनं खंबीर व्हावीत म्हणून सजगतेचा, म्हणजे ध्यान शिकवणारा ऑनलाइन वर्ग लावला होता. तो पुरा केल्याशिवाय पुन्हा वॉर्डात पाठवणार नव्हते. शिकवायला ब्रॉनविन नावाच्या बाई होत्या. मऊ आवाजात त्या म्हणाल्या, डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, फक्त बघा.

लितियानं डोळे मिटले. समोर म्हाताऱ्याची छाती. तिचा स्वतःचाच श्वास अडला. पडद्यावर बाकीच्या मुली शांत बसलेल्या. तिनं लॅपटॉप बंद केला आणि न्हाणीघरात जमिनीवर बसून तोंडात टॉवेल कोंबून रडली.

थोड्या वेळानं ब्रॉनविनचा फोन आला. सगळं सांगायला लितियाला फार वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "मला दुसरं काहीही बघायला सांगा. श्वास नको."

"नको बघूस," ब्रॉनविन म्हणाल्या. "तुला तिथं एकटीला ठेवायलाच नको होतं, बाळ. ती उणीव मला वर्गात भरून काढता येत नाही."

"मग मी काय करू?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. पण उद्या हे सांगायला कॉलेजात तुझ्यासोबत येते. एकटी जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रशिक्षणाचं बघणाऱ्या बाईंनी दोघींचं नीट ऐकून घेतलं. लितियाला समुपदेशक मिळाली, वर्गातून सूट मिळाली. वॉर्डात माणसं वाढवणं मात्र आपल्या हातात नाही, असं त्या खाली बघत म्हणाल्या. तिचं प्रशिक्षण पुढं ढकललं, म्हणजे वर्ष गेलंच.

बाहेर उन्हात ब्रॉनविननं विचारलं, परत येशील ना. त्या लितियाचा हात धरून उभ्या राहिल्या, आणि तिनंही तो सोडवून घेतला नाही.