रुपीचा हंडा

रुपीने मुक्त विद्यापीठात नाव घातलं, तेव्हा तिच्या सासूला, पुतळीला, एक गोष्ट काही केल्या पटेना. कॉलेजात न जाता कॉलेज होतं कसं? रुपीने समजावून सांगितलं. पुस्तकं टपालाने येतात, वाचायची घरी. उत्तरं वहीत लिहून पाठवायची, रविवारी फोनवर वर्ग, आणि परीक्षा तेवढी मोखाड्याला जाऊन द्यायची. पुतळी म्हणाली, मग लगीनही टपालानेच करायचं होतंस, आमचा मांडव वाचला असता.

रुपी नागलीची भाकरी भाजता भाजता वाचायची, दहा महिन्यांच्या रोशनीला पाजताना वाचायची. रोशनीने तर इतिहासाच्या पुस्तकाचा एक कोपरा चघळून गिळलाही होता. घरात अभ्यास पचवलेली ती पहिलीच.

आज पर्यावरणाचा शेवटचा वर्ग होता. हजेरी चुकली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. सूर्यमाळच्या त्यांच्या पाड्यात रेंज यायची ती फक्त विहिरीवरच्या कातळावर. आणि ऐन वैशाखात विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी वाटीवाटीने भरायचं. नेमका वर्ग रंगात आला आणि पाण्याच्या रांगेत रुपीचा नंबर लागला. नंबर सोडला तर दिवसभर घरात थेंब नाही. पुतळीने विहिरीत उतरावं, तर तिचे गुडघे कबूल होईनात.

"अगं, रांगेत हंडा असला की माणूस रांगेतच धरतात ना?" पुतळी म्हणाली. "तसा वर्गात फोन. ठेव दगडाला टेकून न् जा. मी बसते राखायला."

तोंड उघडायचं नाही, असं रुपीने तिला तीनदा बजावलं. पुतळीने रोशनीला मांडीवर घेतलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि फोनसमोर बसली.

रुपी तळाशी पोचते न पोचते, तोच वरून सरांचा आवाज आला.

"रुपी, उतारावरची माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून काय कराल?"

प्रश्न शेतातला होता. पुतळीला राहवलं नाही.

"बांध घालायचा, आडवा, दगडांचा. न् झाडं तोडायची नाहीत. आमच्या पाड्यातल्या भिकाने तोडली, आता त्याची नागली शेजाऱ्याच्या शेतात उगवते."

"उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "पण तुम्ही रुपी नाही."

खाली रुपीच्या हातातली वाटी कलंडली.

पुतळीने पदर मागे सारला. "नाही. मी तिचा हंडा."

सर जवळच्याच खोडाळ्याचे. त्यांना रांगेची रीत समजवावी लागली नाही. हसू आवरत ते म्हणाले, हंड्याने जागा धरली खरी, पण भरायला माणूस लागतं, त्याला बोलवा. रुपी अर्धा हंडा कमरेवर घेऊन धापा टाकत वर आली आणि पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं तशीच उभ्याने दिली. हजेरी लागली. परीक्षेला मात्र स्वतः या, एवढं सरांनी सांगितलं.

रांगेतल्या बायांनी अर्धा राहिलेला हंडा रुपीला पुन्हा भरू दिला. पुतळी गुडघे धरून घराची वाट उतरताना कुरकुरत होती, की उत्तर बरोबर म्हणाले, आणि मार्क एकसुद्धा नाही.