पडद्यावर उभी राहिलेली तिरंदाज

“ताई, एक बात ध्यानात ठेवजा. लाइट गेली का गेमातलं माणूस दोन मिनटात गायब होते. पण ते उभंच रायलं अन् बोलत नसन, तं समजजा, मशीन चालू हाय अन् माणूस जागेवर नाई. तवा विचारपूस करत जा.”

मला जोडून घरी आणून देताना बाबूभाईंनी साधनाताईंना हे सांगितलं. ताईंच्या कडेवर सहा महिन्यांची आचल होती. ताई हसल्या. “घरचं एक लेकरू पाहता पाहता जीव जाते माया, बाबूभाई! आता गेमातल्या लोकायची हजेरी कोन घेईन?”

मित्रांनो, बाबूभाईंनी आपल्या दुकानात जोडलेला तो कॉम्प्युटर म्हणजे मी. आज जुना झालो आहे, पण २००५ साली चंद्रपुरातल्या त्या क्वार्टरमध्ये माझा काय थाट होता! ताईंनी मला हळदकुंकू लावलं. शेजारच्या बाया माझा फुगीर पडदा पाहायला आल्या. भूपेशराव, म्हणजे ताईंचे यजमान, खाणीतून आले की हात धुतल्याशिवाय मला शिवत नसत.

दुपारी आचल झोपली की ताई गेम लावत. त्यात एक मोठं जंगल होतं. ताई त्यातल्या वैद्यीण आणि त्यांची कॉलेजातली मैत्रीण निशात तिरंदाज. निशात सिंदेवाहीत राहत असे. तिचे यजमान जाहिदभाई घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं दुकान चालवत. दुपारी दुकान बंद असलं की निशात तिथल्या, बाबूभाईंनीच जोडून दिलेल्या कॉम्प्युटरवर बसे. दोघी जंगलात फिरत, जडीबुटी तोडत आणि सासरच्या गोष्टी टाइप करत.

पण तो गेम बाळंतिणीसाठी बनवलेला नव्हता. त्यात थांबायची सोयच नव्हती. आचल रडली की ताई उठत, आणि परत येईपर्यंत वैद्यीण रानडुकराच्या पायाखाली. गुहेत अर्ध्यावर पोहोचल्या आणि लाइट गेली, की पुन्हा गुहेच्या तोंडापासून सुरुवात. झोळीत वीसच वस्तू मावत. एकविसावी मिळाली की अख्खं जंगल तुडवून गावात यायचं.

ताईंनी माझ्या अंगावर एक कागद चिकटवला होता. त्याच्या शेजारी दोन्ही गावांच्या भारनियमनाचं वेळापत्रक. कागदावर लिहिलं होतं, ‘गेमवाल्यांना सांगायचं’. खाली एकेक मागणी वाढत जाई. लेकरू रडलं की थांबायचं बटण द्या. दोघींत मिळून एक पेटी द्या. एका दाबात गावी पोचवा. मी दूध पाजत असताना माझी वैद्यीण निशातच्या मागे मागे आपोआप चालावी. मैत्रीण नसताना तिच्यासाठी निरोप ठेवता यावा. निशात टाइप करे, “अन् गेममंदी स्वयंपाक करनारी बाई बी मांग!”

निशातला आठवा महिना लागला होता. एका दुपारी तिनं टाइप केलं, “डोकं लई दुखून रायलं गं. थांब, पाणी पिऊन येतो.”

तिरंदाज गुहेच्या तोंडाशी उभी राहिली. एक डुक्कर येऊन धडक देऊन गेलं. ताईंनी तिला औषध दिलं. दुसरं आलं. पुन्हा औषध.

“लाइट गेली असन,” ताई स्वतःशीच म्हणाल्या.

लाइट गेली नव्हती, मित्रांनो. गेली असती तर तिरंदाज पडद्यावर उरलीच नसती. मला ते कळत होतं. माझा पंखा घरघरत होता, पण मला कुठं तोंड आहे?

ताईंनी फोन लावला. एंगेज. “आईशी बोलत बसली असन,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. आमच्याकडे ब्रॉडबँड होतं, म्हणून नेट चालू असतानाही फोन लागे. सिंदेवाहीला मात्र नेट लावलं की फोन अडकायचा. हे ताईंना माहीत होतं. पण भीती वाटायला लागली की माणसाला जे बरं वाटेल तेच आठवतं. त्या औषध देत राहिल्या.

मग त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी वेळापत्रकात सिंदेवाहीची वेळ पाहिली, मग पडद्याकडे पाहिलं. झटकन उठून बाबूभाईंना फोन लावला.

“बाबूभाई, ते उभीच हाय! बोलत नाई!”

“जाहिदच्या बाजूले देवाजीचा एसटीडी बूथ हाय. लंबर घ्या.”

देवाजी निवांत होते. “टायपिंगवाल्या बाई? दुकान तं बंद हाय. जाहिदभाऊ सकाळच्या गाडीनं गेले चंद्रपूरले.”

“दुकान नाई भाऊ, मांगचं दार पाहा! नाई उघडलं तं तोडा!”

“दार तोडू? जाहिदभाऊ मले तोडन नं!”

“तोडा म्हंते नं मी!”

ताईंच्या आवाजानं आचल जागी झाली. मायलेकी दोघी रडत होत्या. पडद्यावर तिरंदाज उभीच होती; तिच्यावर पुन्हा डुक्कर धावून आलं, आणि या वेळी औषध द्यायला कोणी नव्हतं.

निशात स्वयंपाकघरात पडलेली सापडली. बीपी वाढून तिला झटके आले होते. देवाजींनी जीप मिळवली. शेजारच्या आशाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन चंद्रपूरपर्यंत आल्या. मुलगी झाली, मुठीएवढी. कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती, पण जगली. निशातही जगली.

दोन महिन्यांनी निशात आमच्या घरी आली, तेव्हा ताई तिच्यासमोर मान खाली घालून बसल्या. “चाळीस मिनटं झाली होती गं. मी तुले गेममंदी औषध देत बसली होती.”

“मंग! त्याच औषधानं वाचली असन मी,” निशात म्हणाली आणि बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

त्या दिवसापासून ताई बदलल्या. कागदावर त्यांनी शेवटची मागणी लिहिली: ‘माणूस उठून किती वेळ झाला, ते नावापुढं दिसावं.’ गेमवाल्यांनी तरी ते कधी वाचलं? मग ताई स्वतःच विचारत सुटल्या. गेममध्ये ओळख झालेल्या एकतीस जणांना एकेक करून गाठायला लागल्या. घरी कोण असतं? शेजाऱ्यांचा फोन काय? काही हसले, काहींनी बोलणं सोडलं. पण हळूहळू तिसांचा पत्ता लागला.

उरली एक. बुधरी. एटापल्लीची. खरं नाव तेच की गेममधलं, ठाऊक नाही. ती तिथल्या कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासमधून शनिवारी दुपारी यायची आणि तोडलेली जडीबुटी नवख्यांना वाटून टाकायची. एका शनिवारी तिनं लिहिलं, “ताप आहे, जाते.” त्यानंतर ती आली नाही. ताईंनी एटापल्लीच्या क्लासच्या नावानं दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. पुढे तो गेमच बंद झाला.

आता घरात नवा चपटा कॉम्प्युटर आहे आणि मी पलंगाखाली. माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्यापैकी कोणी एटापल्लीकडचं असेल, कोणाचा मामा, मावशी तिकडं असेल, तर तेवढं विचाराल का? शनिवारी दुपारी कॉम्प्युटर क्लासला येणारी एक मुलगी होती. तिला ताप आला होता. तिचं पुढं काय झालं?