खरा धूर

"नाही म्हणजे नाही! जून महिन्यात या घरातून धूर निघत नाही." एर्सिलिया म्हातारी दारात आडवी उभी राहिली.

गावकचेरीतला दानिलो काकुळतीला आला. "अहो मावशी, चार ओल्या फांद्या पेटवायच्या, झालं! बर्नहून या चित्रकार रेगुलाबाई आल्यात. टपाल तिकिटावर आपलं चेस्टनट वाळवायचं धुरीघर येतंय. तिकिटाच्या किमतीवर लोक जे जादा पैसे देतील, त्यातून याचं छप्पर होणार. नाहीतर बाई पलीकडच्या खोऱ्यात जातील."

"जाऊ देत. वर फळ्यांवर चेस्टनटचा दाणा नाही आणि खाली धूर? लोकांना काय उल्लू बनवायचंय?"

बोलली खरी, पण तिची नजर वर गेली. छपराच्या दगडी फरश्यांखाली तुळई वाकली होती. अजून एखाद-दोन हिवाळे, की संपलंच. गावातल्या बाकीच्या धुरीघरांत आता शहरवाले सुट्टीला येऊन मांस भाजत. अठ्ठावन्न वर्षं चेस्टनट वाळवत आलेली ती एकटीच उरली होती.

रेगुलाबाईंनी वही मिटली. "खरा धूर कधी असतो, आजी?"

"नोव्हेंबरात. तीन आठवडे. बसायची तयारी असेल तर या."

"वरिष्ठांना विचारून बघते," बाई म्हणाल्या. दानिलोने कपाळावर हात मारला.

पण नोव्हेंबरात बाई आल्या! वर फळ्यांच्या जाळीवर चेस्टनटचा थर, खाली धुमसती आग. जरा ज्वाळ उठली की एर्सिलिया मूठभर टरफलं टाकून ती दाबायची. डोळ्यांतून धारा लागलेल्या. दहाव्या दिवशी थर उलथायला ती दुखरे गुडघे घेऊन शिडी चढली.

"मावशी, दुसरं कुणी चढेल ना!" दानिलो ओरडला.

"तू तुझ्या फायली उलथ!"

मे महिन्यात दानिलो तिकिटांचा ताव घेऊन धावत आला. "छपराचं नक्की झालं, मावशी! ऑगस्टात गवंडी येतायत."

एर्सिलियाने हात ॲप्रनला पुसले आणि ताव खिडकीशी नेला. दगडी भिंती, मिटलेलं दार, फरश्यांच्या फटींतून झिरपणारा निळसर धूर. ती खूप वेळ बघत राहिली.

दानिलोला राहवेना. "मला तर रागच आला. तीन आठवडे डोळे फोडून घेतलेत तुम्ही, आणि चित्रात तुमचं नखसुद्धा नाही!"

"धूर दिसतोय ना?"

"दिसतोय की."

"मग आत कोण बसलंय, बाबा?"