अजून अंतरीप

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. अंतरीप. लगेच तोंड वाकडं करू नका, एके काळी कवितेत मला मान होता! 'अंतर्' आणि 'अप्' म्हणजे पाणी, या दोघांतून माझा जन्म झाला. पाण्यात आत शिरलेली जमीन म्हणजे मी. पुढं माझा धाकटा भाऊ द्वीपकल्प भूगोलाच्या पुस्तकात नोकरीला लागला आणि मला कुणी विचारेना.

आसरा दिला तो बाबालाल गुरुजींनी. जयसिंगपूरच्या पलीकडं, नदीच्या वळणात त्यांचं घर. तीन बाजूंना पाणी आणि मागून गावाकडं जाणारी जमिनीची चिंचोळी पट्टी. त्यांनी हौसेनं मला दारावर रंगवून घेतलं. पोस्टमन मला 'अंतरदीप' म्हणायचा. गुरुजींच्या वर्गातल्या कृष्णातनं तर लहानपणी शाळेत माझा अर्थ 'पोटातला दिवा' असा सांगितला होता! तेव्हा गुरुजींनी त्याला इथं आणून ती पट्टी चालायला लावली होती.

यंदाच्या पुरात पाणी भराभर चढलं, आणि नेमक्या त्याच सकाळी गुरुजींची सून शबनूर हिला कळा सुरू झाल्या. नवरा फराज शिरोलीला कामावर. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, गुरुजींचं घर बेट झालं. झालं! सगळे वेशीत होडीची वाट बघत बसले. होडी दुसऱ्याच वाडीत अडकलेली. इकडं पट्टी अजून कोरडी होती, पण उंच उसामागं ती कुणाला दिसत नव्हती. शबनूरचं कण्हणं ऐकून माझा जीव टांगणीला लागला.

गुरुजींनी वेशीत थांबलेल्या कृष्णातला फोन लावला. आवाज तुटत होता. "अजून अंतरीप हाय," एवढंच पोचलं आणि फोन बंद पडला.

"घराचं नाव सांगाय लागल्यात," कृष्णातच्या शेजारी बसलेले गणपतराव म्हणाले. "म्हाईत हाय की आमास्नी."

कृष्णात मात्र थबकला. घराच्या नावाला 'अजून' कशाला लागतंय?

"बेट झालं न्हाय, काका. मागनं वाट हाय."

लोक नको नको म्हणत असताना त्यानं ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गादी टाकून शबनूरला आणि गुरुजींना घेऊन तो परतला, तेव्हा पट्टीवर पाणी आलं होतं आणि चाकं घसरत होती. मी दारावरून बघत होतो. नुसतं बघण्यापलीकडं शब्दाला काय करता येतं?

दुपारी जयसिंगपूरच्या दवाखान्यात शबनूरला मुलगी झाली. तोवर पट्टी बुडाली होती. दारावर मी होतो, पण घराचं खरोखरच बेट झालं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी माझ्यासारखे शब्द असतील. हसा खुशाल. पण त्यांचा अर्थ विचारून ठेवा, त्यांचा फोन लागतोय तोवर.