कड्यावरचं कुरण

उत्तमने बनियनच्या टोकाला चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉपच्या पडद्यात जवळजवळ नाक खुपसलं. पडद्यावर हिरवंगार कुरण होतं. कुरण एका बाजूला एकदम तुटलेलं, आणि त्या पांढऱ्या कड्याखाली समुद्र. अलीकडे दगडी गोठा आणि त्याच्या भिंतीला एक नळ.

"ह्यात संडास कुठे आहे?" त्याने विचारलं.

ज्ञानदाने डोळे मिटून घेतले.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत रेवा होती. इंग्लंडमधल्या आपल्या खोलीत पलंगावर मांडी घालून ती वाडग्यातून काहीतरी खात होती. तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, त्या शेडच्या मागे. टू मिनिट्स वॉक. मी सांगितला होता ना."

"आणि रात्री पाऊस आला तर?"

"तर रेनकोट घालायचा."

"कुरण म्हणजे गुरं असणार."

"आहेत. काउज. त्या काही करत नाही तुम्हाला."

"कड्याला कुंपण दिसत नाही कुठे."

"बाबा, यू आर बीइंग इम्पॉसिबल." रेवाचा आवाज चढला. "आई, तू सांग ना. उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना कन्फर्म करायचा आहे. जुलैमध्ये सगळ्यांना सुट्टी असते, मग जागा नाही मिळणार. मी किती वेळा शोधू?"

रेवाचा पदवीदान समारंभ जुलैच्या मध्यावर होता. त्यासाठी दोघांचे व्हिसा आले होते, तिकिटं झाली होती, दोघांच्या रजा मंजूर झाल्या होत्या. समारंभानंतर तिघांनी समुद्रकाठी कुठेतरी दोन रात्री तंबू ठोकून राहायचं, ही रेवाची कल्पना. "तुम्ही आयुष्यात कधी हॉलिडे घेतलाच नाही," ती म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. दरवर्षी सुट्टी म्हणजे देवरुखजवळचं गाव, गळणारी कौलं, आजारी नातेवाईक आणि परतताना वजन करून बांधलेले फणसाचे गरे. ज्ञानदाने ही कल्पना उचलून धरली. मस्कतमध्ये कुरुमच्या दंतवैद्याकडे ती स्वागतकक्षात बसायची. पेशंट कमी असले की मोबाइलवर डॉर्सेटचे, डेव्हनचे किनारे बघायची. गवतावर झोपायचं आणि सकाळी तंबूची चेन उघडली की समोर समुद्र, एवढंच तिला हवं होतं.

पण उत्तमला एकही जागा पसंत पडेना. पहिली फार लांब होती. दुसरीकडे गरम पाण्याची सोय नव्हती. तिसरीकडे तंबू एकमेकांना चिकटून, "ही काय जत्रा आहे?" आणि आता ही चौथी, तर म्हणे कड्याला कुंपण नाही.

"मी तुला उद्या कळवते," असं म्हणून ज्ञानदाने कॉल संपवला आणि लॅपटॉपचं झाकण जरा जोरातच मिटलं. "तुम्हाला यायचंच नाहीये का?"

"येतोय ना. हॉटेल घ्या म्हणतो मी. तंबू कशाला पाहिजे?"

"तिला पाहिजे आहे. मला पाहिजे आहे."

"माझी कंबर..."

"कंबर गेल्या महिन्यात बरी होती. जबल अख्दरच्या डोंगरावर ऑफिसच्या लोकांबरोबर दिवसभर चढलात तेव्हा."

उत्तम उठला, एसीचा रिमोट शोधला, एसी एक अंशाने कमी केला आणि आत निघून गेला. भांडण अंगावर आलं की तो असंच काहीतरी हातात घ्यायचा. ज्ञानदा तिथेच बसून राहिली. राग तर आलाच होता, पण पुरतं रागावताही येत नव्हतं. कारण ह्या नकारामागचं कारण आपल्याला ठाऊक आहे अशी तिची समजूत होती.

उत्तम ओमानात आला तेव्हा रेवा पोटात होती. रस्त्याच्या सर्व्हेचं काम, इब्राच्या पुढे, जिथे वाळू सुरू होते तिथे. राहायला तंबू. घरी फोन करायचा तर शुक्रवारी कंपनीच्या गाडीने इब्राच्या बाजारात यावं लागे. सासूबाई ऐकून रडल्या होत्या. "माझा पोरगा तिकडे वाळूत झोपतो," असं म्हणून त्यांनी स्वतःचं अंथरूण जमिनीवर टाकलं. मग ज्ञानदानेही टाकलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या पाठीला खडे टोचत असताना आपण खाटेवर कसं झोपायचं, असं तिला वाटलं होतं, एवढंच. चार पावसाळे ती तान्ह्या रेवाला घेऊन चटईवर झोपली. जमिनीला ओल यायची. खाट भिंतीला उभी होती.

म्हणजे त्या माणसाला आता पैसे मोजून तंबूत झोपायला सांगायचं, हे चुकीचंच होतं कदाचित. पण मग तसं सांगावं की सरळ! संडास आणि गुरं कशाला मध्ये आणायची?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपून झुबेरभाई जेवायला आले. उत्तमचा जुना सोबती. दोघं एकाच वर्षी ओमानात आले आणि एकाच तंबूत राहिले होते. झुबेरभाई मूळचे दाभोळचे, आता ह्याच वस्तीत, वादी कबीरमध्ये, त्यांचं नळ-फिटिंगच्या सामानाचं दुकान होतं. आल्या आल्या त्यांनी खांद्यावरच्या दोन गुंडाळ्या सोफ्यावर टाकल्या.

"घ्या वहिनी, स्लीपिंग बॅगा. आमच्या पोरांच्या. धुऊन दिल्यात सबीहाने. विलायतेत थंडी असते म्हणे उन्हाळ्यातसुद्धा."

"बॅगा आल्या, पण जाणं होतंय की नाही कुणास ठाऊक," ज्ञानदा म्हणाली. तिने वळून बघितलं. "अहो, खुबूस आणलेत का? भाकऱ्या पुरायच्या नाहीत."

उत्तमने कपाळाला हात लावला, चावी उचलली आणि खालच्या बेकरीत गेला.

झुबेरभाई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसले. गॅसवर सुरमईचं कालवण रटरटत होतं.

"का, जाणं का नाही?"

"त्यांना तंबू नको. प्रत्येक जागेला काहीतरी खोट काढतात. काल काय, तर कड्याला कुंपण नाही."

झुबेरभाई खो-खो हसले.

"उत्तमला तंबू नको? आमच्या उत्तमला? अहो वहिनी, ह्या माणसाला तंबूतून बाहेर काढायला रस्ता संपवावा लागला!"

ज्ञानदा हसली. "म्हणजे?"

"म्हणजे काय, कंपनीच्या अर्बाबने आम्हां दोघांना एकदम बोलावलं होतं मस्कतला. गोदामात काम, फ्लॅट, फॅमिली स्टेटस, बायकोपोरांचा व्हिसा, सगळं देतो म्हणाला. मी तर तिथल्या तिथे हो म्हटलं. सबीहा त्याच वर्षी आली ना. आणि हा म्हणतो, माझं पुढच्या वर्षी बघू, आत्ता इथे बरं चाललंय. अर्बाबपण बघत राहिला. यल्ला, म्हणाला, तुझी मर्जी. मग पुढच्या वर्षी रस्ताच खलास झाला. तंबू उठले. तेव्हा कुठे आला साहेब मस्कतला." त्यांनी मांडीवर थाप मारली. "संध्याकाळी वाळूत एकटाच बसायचा. मी म्हणायचो, अरे चल, पत्ते खेळू. तर नाही. असा बसायचा, की जसं त्याला कुणी जहागीर दिली आहे."

ज्ञानदाने कालवणात पळी फिरवली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. सुरमईचा एक तुकडा मोडला.

सबीहा तिच्या आधी नवऱ्याकडे आली होती, हे खरं होतं. त्या वेळी फोनवर उत्तम म्हणाला होता, 'झुबेरचा नंबर लागला. एकालाच देतात. आपलं नशीब.' आणि तिने त्याचीच समजूत काढली होती. 'जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नका, मी आहे ना इथे,' असं ती म्हणाली होती. वाण्याच्या दुकानातल्या फोनवर, मागे माणसं उभी असताना.

झुबेरभाईंचं हसू हळूहळू विरलं. ते तिच्या पाठीकडे बघत होते.

"वहिनी, तुम्हाला माहीत असेल ना हे?"

"हो तर," ज्ञानदा म्हणाली आणि गॅस बंद केला. "माहीत आहे की. तुम्ही हात धुऊन घ्या."

जेवणं झाली. उत्तमने खुबूसचे तुकडे केले, झुबेरभाईंनी कालवणाची तारीफ केली, पण दोनदा मागूनही त्यांनी भात घेतला नाही, आणि चहाला न थांबताच उठले. लिफ्टपर्यंत त्यांना सोडून उत्तम परत आला तेव्हा ज्ञानदा ताटं घासत होती.

"झुबेरला काय झालं आज? एवढ्यात गेला."

"त्या वर्षी अर्बाबने तुम्हालाही विचारलं होतं," ती म्हणाली. वळली नाही. "फॅमिली स्टेटसचं."

नळाचं पाणी वाहत राहिलं. उत्तमने ओट्यावरचं फडकं उचललं. त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"झुबेर बोलला?"

"त्यांना वाटलं, मला ठाऊक आहे."

तो तिथल्या खुर्चीवर बसला.

"बाबांचं आजारपण झालं, बहिणीचं लग्न झालं, मग छप्पर. सगळं माझ्याकडेच येत होतं. इब्राला फोनवर उभा राहिलो की भीती वाटायची, आता काय सांगतील म्हणून. आणि परत कॅम्पवर गेलो की..." त्याने शब्द शोधला. सापडला नाही. "तिथे कुणी हाक मारत नव्हतं. मला वाटलं, अजून थोडे दिवस."

"वर्ष होतं ते. रेवा तुमच्या फोटोला बाबा म्हणायची."

"हो."

"मग आता कशाला नाटक? संडास कुठे आहे, गुरं काय करतील. तुम्हाला तर आवडतं."

"म्हणून तर," उत्तम म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला नळ बंद करावा लागला. "तिथे मला लपवता आलं नसतं. तंबूत शिरलो असतो आणि तुला माझा चेहरा दिसला असता. तू विचारलं असतंस."

ज्ञानदाने हात पुसले. आपण ओरडू, असं तिला वाटलं होतं, पण ओरडण्यासारखं काही सापडेना. तो तिथे कष्टात होता असं धरून तिने जे जे केलं होतं, ते आता कुठे नेऊन ठेवायचं?

"मी जमिनीवर झोपायचे," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही तिकडे होतात तेव्हा. चार वर्षं. रेवाला घेऊन. तुम्ही वाळूत झोपता म्हणून."

उत्तमने मान वर केली. ह्याची त्याला काहीच कल्पना नव्हती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

बाहेरच्या खोलीत मोबाइल वाजला. रेवा होती. ज्ञानदाने फोन उचलून स्पीकर लावला आणि सोफ्यावर, झुबेरभाईंनी आणलेल्या गुंडाळ्या बाजूला सारून बसली.

"आई, त्यांचा मेसेज आला. दे वॉन्ट अॅन आन्सर. काय करू? बाबांचा नाहीच आहे का?"

"बुक कर."

"खरंच? हीच जागा?"

"हीच. कड्यावरची."

"ओह, थँक गॉड. मग मी तो मोठा टेंट पण घेते त्यांच्याकडून. आपल्या तिघांचा."

"मोठा नको," ज्ञानदा म्हणाली. "तीन छोटे घे."

"तीन? तीन कशाला?"

"तुझा तुला, बाबांचा बाबांना आणि माझा मला."

स्वयंपाकघराच्या दारात उत्तम येऊन उभा राहिला होता, फडकं अजून हातातच होतं.

"आई, इज एव्हरीथिंग ओके? तुम्ही भांडलात का?"

"कुरण मोठं आहे ना? तीन तंबू मावतील ना लांब लांब?"

"मावतील. पण आई, तू एकटी... तुला भीती नाही वाटणार?"

"नाही. माझ्या तंबूचं तोंड समुद्राकडे पाहिजे, तेवढं त्यांना सांग. बाबांना कुठे पाहिजे, ते त्यांनाच विचार."

तिने फोन उत्तमच्या हातात दिला, त्याच्या दुसऱ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आत उरलेली भांडी घासायला गेली.

बाहेरून रेवाचा आवाज आला. "बाबा? हॅलो? बाबा, तुम्ही आहात का?"

"आहे," उत्तम म्हणाला. मग त्याने विचारलं, "रेवा, तिथे रात्रीचा वारा कुठल्या बाजूने येतो गं?"